टाय टिंबाला घासतो, शार्पला धडकतो: नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये टायची जागा कशी सांभाळावी?

पाऊणस्वर

नमस्कार मंडळी,

पियानोसाठी केलेली एक चारपानी रचना म्यूझस्कोर या सॉफ्टवेअरमध्ये उतरवतोय. ताल ३/४, एकच फ्लॅट (सूर अर्ध्याने उतरवणारी खूण) असलेली पट्टी, म्हणजे एफ मेजर. नोटा, बोटांचे आकडे, पेडलच्या खुणा, सगळं झालं. गाडी अडलीय ती टायपाशी. टाय म्हणजे एकाच सुराच्या दोन नोटा जोडून त्यांचा एक लांब सूर करणारी कमान. दिसायला एवढीशी, पण पान छापून हातात घेतलं की नजर नेमकी तिच्यावरच अडखळते.

दुखणी अशी (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला, तालाच्या एका आवर्तनाचा तुकडा):

बार ९: उजव्या हातात सी, डी आणि वरचा जी अशी कॉर्ड, तिन्ही टिंबवाल्या मिनिम (मिनिम दोन ठोक्यांची, पुढच्या टिंबाने तीन ठोक्यांची), तिन्ही टायने पुढच्या बारमध्ये जातात. डीचा टाय डीच्याच टिंबावर चढतो.

बार १४: ‘ए’चा टाय पुढच्या कॉर्डकडे जातो. त्या कॉर्डमध्ये खाली एफ शार्प (अर्ध्याने चढवलेला एफ) नव्याने येतो. टायचं टोक थेट त्या शार्पच्या पोटात.

बार १७ ते १९: डाव्या हातात एक सूर धरून ठेवलाय आणि त्याच्याखाली दुसरी चाल फिरते. धरलेल्या सुराचे टाय खाली झुकून त्या चालीच्या नोटांवर आडवे पडतात.

बार २२: ओळ इथे संपते. ई फ्लॅटचा टाय पुढच्या ओळीत जातो आणि तिथे सुरुवातीची किल्ली (क्लेफ), पट्टीचा फ्लॅट आणि कंसातला फ्लॅट या गर्दीत त्याचं नुसतं नखाएवढं टोक उरतं.

बार २६: हा तर भूत आहे. काहीही केलं तरी कमान इतर टायसारखी वागत नाही.

मी काय केलं? प्रत्येक कमान माउसने ओढून जागेवर बसवली. संध्याकाळ गेली, पण छान दिसत होतं. मग पानाची मार्जिनं थोडी कमी केली आणि सगळे बार सरकले. ओढलेल्या कमानी आपापलं ओढलेपण बरोबर घेऊन नव्या जागी गेल्या. आता जिथे धडक नव्हती तिथेही आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गप्पिष्ट

रुमाल टाकून ठेवतो. मी गिटारवाला, टॅबमध्ये आयुष्य गेलं, पण वाचायला मजा येणार.

नवशिकी

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. टाय आणि स्लर दोन्ही कमानीच ना? वेगळ्या कशा ओळखायच्या?

काळी पाच

@नवशिकी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. टाय एकाच उंचीच्या दोन शेजारच्या नोटांना जोडतो आणि दुसरी नोट नव्याने वाजत नाही. स्लर कितीही नोटांवरून जातो आणि सांगतो की एका ओघात वाजवा. दिसण्यातला फरक असा: टायची दोन्ही टोकं एकाच पातळीवर असतात, तो कधी तिरका होत नाही आणि स्लरपेक्षा चपटा असतो. भातखंडे पद्धतीतली वरची कमान, म्हणजे मींड, डोळ्यांसमोर आणू नका, घोटाळा होईल. टायचं काम तिथे स्वरापुढची आडवी रेघ करते.

@पाऊणस्वर, आधी एक काम करा. सगळं निवडा आणि कंट्रोल-आर दाबा. हाताने ओढलेलं सगळं मूळ जागी जाईल. होय, गेलेली संध्याकाळ पाण्यात. पण त्याशिवाय नक्की काय बिघडलंय ते दिसणारच नाही. आत्ता तुमच्या फाइलमध्ये दोन प्रकारच्या धडका एकमेकींत मिसळल्यात, सॉफ्टवेअरला जमल्या नाहीत त्या आणि तुम्ही केलेल्या. (इतर कमानी, डायनॅमिक्स वगैरे मुद्दाम हलवले असतील तर सगळं न निवडता फक्त टाय निवडा: एका टायवर उजवी क्लिक, निवडा, त्याच प्रकारचे सगळे.)

मग पुन्हा यादी करा. निम्म्या तक्रारी बदललेल्या असतील.

पाऊणस्वर

कंट्रोल-आर केलं. छातीवर दगड ठेवून.

९, १४, २२ तसेच. १७ ते १९ तसेच. बाकी चार-पाच ठिकाणं आपोआप ठीक झाली, म्हणजे ती मीच बिघडवली होती. २६ चं भूत जागेवर.

काळी पाच

छान. आता एकेक घेऊ.

१७ ते १९ सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माझी शंका अशी की तुमचे व्हॉइस, म्हणजे एकत्र चालणाऱ्या स्वतंत्र चाली, उलटे पडलेत. एका स्टाफवर (पाच रेघांच्या पट्ट्यावर) दोन व्हॉइस असले की पहिल्या व्हॉइसच्या दांड्या वर, टाय वर. दुसऱ्याच्या दांड्या खाली, टाय खाली. तुम्ही आधी खालची फिरती चाल पहिल्या व्हॉइसमध्ये लिहिली असेल आणि मग वरचा धरलेला सूर दुसऱ्यात टाकला असेल. मग टाय खाली झुकणारच, बिचाऱ्याला तेच सांगितलंय. ते बार निवडा, टूल्समध्ये व्हॉइसेस, तिथे पहिला-दुसरा व्हॉइस अदलाबदल. एकाही टायला हात लावू नका.

एक्स दाबून टाय उलटा करता येतो हे खरं, पण इथे एक्स दाबणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकणं.

पाऊणस्वर

अहो हो! नेमकं तसंच होतं. अदलाबदल केली आणि तिन्ही बार एका फटक्यात साफ. दांड्याही सुधारल्या, त्या मी ‘अशाच असतात’ म्हणून सोडून दिल्या होत्या.

फक्त १९ च्या शेवटी एक टाय २० मध्ये जातो, तिथे खालची चाल संपलेली आहे. पहिल्या नोटेची दांडी वर, दुसरीची खाली. टाय कुठे असावा?

काळी पाच

वर. दोन नोटांच्या दांड्या विरुद्ध दिशांना असल्या की टाय वर नेण्याचा रिवाज आहे. इथे तर पहिली नोट वरच्या व्हॉइसची आहे, त्यामुळे प्रश्नच नाही. एकाच व्हॉइसमध्ये, सुटी नोट असेल तर साधा नियम दांडीच्या विरुद्ध बाजूला. दांडी वर तर टाय खाली.

डोरिकोवासी

जाता जाता: डोरिको या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये टायने जोडलेली साखळी ही मुळात एकच नोट मानतात. तुम्ही लांबी सांगता, बारची रेघ आडवी आली की तो स्वतः तुकडे करून टाय घालतो. ताल बदलला तर टायही बदलतात. दिशा उलटवायला एफ, आणि बारीक ओढाताण करायची तर एनग्रेव्ह मोडमध्ये. पण वरचं व्हॉइसचं दुखणं तिथेही तेच. उलटे व्हॉइस कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उलटेच दिसतात.

सिबेलियसवाल्यांनाही एक्सच आहे, आणि एनग्रेव्हिंग रूल्समध्ये टायसाठी वेगळी पानं आहेत. जवळपास सगळीकडे गोष्टी त्याच, फक्त कपाटं वेगळी.

लिलीभक्त

माउस वापरणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत. लिलीपाँडमध्ये नोटेशन मजकुरासारखं टाइप करतात: टायअप, टायडाउन लिहायचं, संपलं. (हलके घ्या.)

गप्पिष्ट

आला, लिलीभक्त आला. 🍿

खिळेजुळारी

मी जन्मभर छपाईच्या टेबलावर काम केलेला माणूस, त्यामुळे जरा जुन्या बाजूने बोलतो.

संगीत जेव्हा धातूच्या पत्र्यावर कोरून छापत, तेव्हा स्टाफच्या पाच रेघा पाच दातांच्या हत्याराने एकदम ओढत. नोटांची डोकी, किल्ल्या, शार्प-फ्लॅट हे पोलादी ठशांनी ठोकत. टाय आणि स्लरला मात्र ठसा नव्हता. प्रत्येकाची लांबी वेगळी, उंची वेगळी. ते हाताने कोरावे लागत, तेही आरशातल्यासारखे उलटे. टाय ही पहिल्यापासून त्या त्या जागी निर्णय घेऊन करायची गोष्ट आहे. सॉफ्टवेअरने तो निर्णय नियमात बसवला, पण जिथे तीन नियम एकमेकांना भिडतात तिथे ते गडबडणारच.

आणि एक धडक तुमच्या यादीत नाहीच, जी मला सगळ्यात जास्त खटकते. टायची रेघेशी धडक! कमानीचा चपटा माथा नेमका स्टाफच्या रेघेवर येऊन चिकटतो. पडद्यावर मोठं करून बघता तेव्हा ठीक वाटतं. छापलं की ती रेघ तिथे जाड झालेली दिसते आणि टाय गायब. आकडे बघा: ब्राव्हुरा या प्रसिद्ध फाँटमध्ये, दोन रेघांमधली जागा १ धरली, तर रेघेची जाडी ०.१३ आणि टायची मधली जाडी ०.२२ आहे, टोकाला तर ०.१०. म्हणजे टायचं टोक रेघेपेक्षाही बारीक. ते रेघेवर पडलं तर दिसणार कसं?

म्हणून छोटा टाय पूर्णपणे दोन रेघांच्या मधल्या जागेत बसवावा. लांब असेल तर टोकं जागेत ठेवून माथा रेघेच्या स्पष्ट पलीकडे न्यावा. रेघ ओलांडली तर चालते, तिला चिकटून चालू नये.

लिलीभक्त

@खिळेजुळारी काका, अगदी मनातलं बोललात. आणि आता गंमत नाही, खरंच उपयोगाचं सांगतो.

लिलीपाँडमध्ये कॉर्डमधल्या सगळ्या टायची मांडणी एका यादीत देता येते, तिला टाय-कॉन्फिगरेशन म्हणतात. प्रत्येक टायसाठी दोन आकड्यांची जोडी. पहिला आकडा स्टाफच्या मधल्या रेघेपासूनचं अंतर, अर्ध्या जागेच्या मापात. दुसरा दिशा: १ म्हणजे वर, उणे १ म्हणजे खाली. मेख पहिल्या आकड्यात आहे. पूर्णांक किंवा साधा अपूर्णांक लिहिला तर लिलीपाँड तो अंदाज समजतो आणि रेघ चुकवण्यासाठी स्वतः थोडं सरकवतो. दशांश चिन्ह देऊन लिहिला की तो हुकूम समजतो, जसाच्या तसा पाळतो. म्हणजे ३ आणि ३.० यांचा परिणाम वेगळा! मला हे कळेपर्यंत मी एका कॉर्डशी दोन तास झुंजलो होतो, आणि सगळी चूक त्या एका टिंबाची.

खिळेजुळारी

वा. ‘अंदाज’ आणि ‘हुकूम’ हा भेद सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असायला हवा.

काळी पाच

बार ९ कडे येऊ. हा खरा चवदार आहे, म्हणून सविस्तर.

कॉर्डमधल्या टायचा रिवाज: सगळ्यात वरच्या नोटेचा टाय वर, सगळ्यात खालच्याचा खाली. मधल्यांची वाटणी. नोटा सम असतील तर निम्मे वर, निम्मे खाली. विषम असतील तर मधली नोट स्टाफच्या मधल्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. दोन नोटा अगदी शेजारच्या, म्हणजे सेकंडच्या अंतरावर असतील, तर त्यांचे टाय एकमेकांकडे पाठ करून जातात, नाहीतर एकावर एक चढतील.

तुमच्याकडे सी, डी, जी. जी वर. सी खाली. डी मधली, सी ची शेजारीण, आणि मधल्या रेघेच्या वरची. तेव्हा डी चा टाय वर. इथपर्यंत सॉफ्टवेअरने बरोबरच केलंय.

आता टिंब बघा. डी रेघेवरची नोट आहे. रेघेवरच्या नोटेचं टिंब रेघेवर ठेवत नाहीत, वरच्या जागेत सरकवतात. आणि डी चा वर जाणारा टाय सुरू कुठे होणार? त्याच वरच्या जागेत! एकाच खोलीत दोन भाडेकरू. मधली नोट असल्याने टायला डोक्यावरून जाण्याचीही सोय नाही, तो कॉर्डच्या आतूनच जाणार. एकच मार्ग उरतो: टाय टिंबाच्या पुढे सुरू व्हावा. म्हणजे टिंब संपल्यापासून पुढच्या नोटेपर्यंत जेवढं अंतर आहे तेवढाच टाय. तुमच्या बारमध्ये ते अंतरच नाहीये म्हणून तो टिंबावर बसलाय.

हे दुखणं टायचं नाही, बारच्या रुंदीचं आहे. बार ९ निवडा आणि बंद होणारा महिरपी कंस दोन-तीनदा दाबा, बार रुंद होईल. (उघडणाऱ्या कंसाने अरुंद.) किंवा फक्त पुढच्या कॉर्डच्या आधीची मोकळी जागा तिच्या गुणधर्मांत जाऊन वाढवा.

पाऊणस्वर

रुंद केला. डी चा टाय सुटला! पण आता ती ओळ इतकी भरली की शेवटचा बार खालच्या ओळीत ढकलला गेला.

पानउलट्या

मी वाजवणाऱ्यांच्या बाजूने बोलतो, कारण तुमची पानं शेवटी आमच्यासमोर येतात.

एका ओळीत एक बार कमी असला तर आम्हाला काडीचा फरक पडत नाही. ओळीत एक बार जास्त कोंबला तर पडतो. वाचताना डोळा नोटेच्या डोक्यावर असतो, टाय फक्त ‘ही पुन्हा वाजवू नको’ एवढं सांगायला हवा. तो दांडीवरून गेला, कुणाच्या झेंड्याला जरा शिवला, तरी मला कळतो. पण तीन प्रसंगी मी हमखास चुकतो. टाय इतका आखूड की दिसतच नाही, मग मी नोट पुन्हा वाजवतो. टाय शार्पमध्ये घुसलाय, मग तो शार्प कोणाचा ते कळत नाही. आणि कॉर्डमधल्या चार नोटांपैकी तीनच टायने बांधल्यात पण गर्दीमुळे चार वाटतात. हे तिसरं सगळ्यात घातक.

बाकी सौंदर्य तुमचं तुम्ही बघा.

खिळेजुळारी

@पानउलट्या, दांडीवरून गेला तरी चालतो याला माझी हरकत. जिथे टाळता येतं तिथे टाळावं.

पानउलट्या

काका, टाळता येतं तिथे टाळाच की. मी म्हणतोय की दांडी वाचवायला टाय आखूड करू नका. दोन्हींतून एक निवडायचं तर लांब टाय निवडा.

खिळेजुळारी

हे मान्य.

काळी पाच

+१. आखूड टायसाठी एक आणखी: स्टाइलमध्ये स्लर-टायच्या पानावर टायची किमान लांबी असते. ती थोडी वाढवली की सॉफ्टवेअर नोटांमधलं अंतरच तेवढं ठेवतं. सगळ्या रचनेला एकदम लागू होते, एकेक ओढावं लागत नाही. फार वाढवू नका, नाहीतर एखाद्या टायवाल्या सेमिक्वेव्हरमुळे (पाव ठोक्याच्या नोटेमुळे) अख्खा बार सैल दिसेल.

बार १४. ‘ए’ ही त्या कॉर्डमधली सगळ्यात वरची नोट आहे ना?

पाऊणस्वर

हो, वरची. खाली एफ शार्प.

काळी पाच

मग सुटलात. शार्पची खूण चांगली उंच असते, जवळजवळ तीन जागा. एफ वर लावली तरी तिचं डोकं वरच्या ‘ए’च्या पातळीच्या थोडं वर जातं. टाय ‘आतून’ जात असेल, म्हणजे नोटेच्या डोक्याच्या बाजूला येऊन थांबत असेल, तर तो शार्पवर आपटणारच.

पण वरच्या नोटेला दुसरा रस्ता आहे, ‘बाहेरून’. टाय एका डोक्याच्या वरून निघतो आणि दुसऱ्याच्या वर उतरतो, त्यामुळे शार्पच्या डोक्यावरून जातो. टाय निवडा, गुणधर्मांत त्याची जागा आतून की बाहेरून हे निवडता येतं. तिथे बाहेरून करा. सगळ्या रचनेसाठी हेच हवं असेल तर स्टाइलमध्ये सुट्या नोटांसाठी आणि कॉर्डसाठी वेगवेगळं ठरवता येतं. माझी पसंती: सुट्या नोटा बाहेरून, कॉर्ड आतून, आणि कॉर्डच्या वरच्या-खालच्या नोटेला गरज पडेल तिथे एकटीला बाहेरून.

डोरिकोवासी

मी कॉर्डनाही बाहेरून ठेवतो, बाहेरचे दोन टाय लांब आणि स्पष्ट दिसतात. मधले अर्थात आतूनच.

काळी पाच

चवीचा प्रश्न. एकाच रचनेत एकच चव ठेवा म्हणजे झालं.

पाऊणस्वर

१४ झाला. टाय शार्पच्या डोक्यावरून अगदी सुतभर अंतराने जातोय. छापून बघितलं, दिसतोय.

आता २२ आणि २६.

नवशिकी

२२ बद्दल माझी शंका. टायने बारच्या रेघेपलीकडे गेलेल्या नोटेला फ्लॅट पुन्हा लिहावाच लागत नाही ना? मग कंसातला फ्लॅट कशाला?

काळी पाच

शाब्बास. नाही लिहावा लागत. टायबरोबर फ्लॅट आपोआप पलीकडे जातो. मात्र त्याच बारमध्ये पुढे ई फ्लॅट पुन्हा, टायशिवाय, आला तर त्याला नव्याने लिहावा लागतो. ओळ बदलताना कंसात आठवण देणं ऐच्छिक आहे.

पानउलट्या

ऐच्छिक असेल, पण माझ्यासाठी ठेवा. विशेषतः ओळीबरोबर पान बदलत असेल तर. नव्या पानावर डोळा गेला की मागची नोट नजरेआड झालेली असते.

पाऊणस्वर

पान नाही बदलत, फक्त ओळ.

खिळेजुळारी

मग ओळच दुसरीकडे तोडा की. टाय ओळीच्या टोकावर लोंबकळत ठेवणं ही शेवटची निवड असावी. २१ नंतर किंवा २३ नंतर ओळ बदला, दोन्ही नोटा एकाच ओळीत येतील. टाय दोन तुकड्यांत तुटला की वाचणाऱ्याला दोन अर्ध्या कमानी मनात जोडाव्या लागतात. नाहीच जमलं, तर नव्या ओळीतल्या पहिल्या नोटेच्या आधीची जागा वाढवा, म्हणजे किल्ली-पट्टीनंतर टायला श्वास घ्यायला जागा मिळेल.

गप्पिष्ट

माझा एक प्रश्न: पुनरावृत्तीत पहिला शेवट आणि दुसरा शेवट असतो, आणि दोन्हीकडे आधीच्या नोटेचा टाय जायला हवा. दुसऱ्या शेवटाच्या आधी तर नोटच नसते. तिथे काय करतात?

लिलीभक्त

लिलीपाँडमध्ये त्यासाठी रिपीट-टाय आहे. फक्त पोहोचणारी अर्धी कमान, निघण्याची नोट लागत नाही. याउलट, सूर तसाच विरू द्यायचा तर लेसे व्हिब्रे, निघणारी अर्धी कमान. स्लरचा तुकडा लपवून खोटा टाय करू नका, वाजवताना नोट दोनदा वाजेल.

काळी पाच

थांबा. लिलीभक्ताने नकळत २६ चं भूत पकडलंय बहुतेक.

@पाऊणस्वर, २६ मधल्या कमानीवर क्लिक करा आणि खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात काय नाव येतं ते वाचा. मग तो बार वाजवून ऐका, सूर एकदा लागतो की दोनदा?

पाऊणस्वर

...स्लर.

दोनदा वाजतो. इतके दिवस मी ती जागा ऐकत होतो आणि मला वाटायचं पियानोचा आवाजच तसा आहे.

गप्पिष्ट

😂😂 वाचनखूण साठवली.

काळी पाच

म्हणूनच तो टायचे नियम पाळत नव्हता. तो टाय नव्हताच. ही फाइल तुम्ही पहिल्यापासून म्यूझस्कोरमध्येच केली, की दुसरीकडून आणली?

पाऊणस्वर

सुरुवातीचा भाग दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये लिहिला होता, तिथून म्यूझिकएक्सएमएलने (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या फाइलने) आणला. २६ हा त्याच भागात.

डोरिकोवासी

म्यूझिकएक्सएमएलमध्ये एक बारीक गोष्ट आहे. तिथे टायसाठी दोन वेगळ्या नोंदी असतात, ‘टाय’ आवाजासाठी आणि ‘टाइड’ कागदावरच्या कमानीसाठी. स्लरची नोंद तिसरीच. मूळ फाइलमध्ये टायच्या जागी कुणी चुकून स्लर काढला असेल तर तो इमानेइतबारे स्लर म्हणूनच पुढे येतो. दिसायला तोच. हाताने ओढून बसवलेल्या जागा या प्रवासात पोहोचतीलच असंही नाही, त्यामुळे फाइल हलवायची असेल तर बारीक सजावट नंतरच करावी.

फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचं काम २०२४ मध्ये थांबवल्याचं जाहीर झाल्यापासून असे स्थलांतर केलेले स्कोअर सगळीकडे दिसतायत, तेव्हा ही तपासणी बऱ्याच जणांच्या उपयोगाची आहे.

काळी पाच

ती कमान पुसा. पहिली नोट निवडा आणि टी दाबा. शिवाय त्या आयात केलेल्या भागातल्या समान सुरांवरच्या सगळ्या कमानी एकदा तपासा. डोळ्यांनी नको, कानांनी. वाजवा आणि सूर पुन्हा लागतो का ऐका.

पाऊणस्वर

तपासल्या. आणखी दोन निघाल्या, बार ६ आणि ११. त्या धडकत नव्हत्या म्हणून लक्षच गेलं नव्हतं.

आता आणखी एक विचारतो, मग गप्प बसतो. बार ३१ मध्ये एक मिनिम आणि तिला टायने जोडलेला क्रॉचेट (एका ठोक्याची नोट) आहे, त्याच बारमध्ये, आणि मधल्या जागेत दुसऱ्या व्हॉइसची नोट येते. टायला जागाच नाही.

खिळेजुळारी

ताल ३/४ म्हणालात ना? मिनिम अधिक क्रॉचेट म्हणजे अख्खा बार. मग टिंबवाली मिनिम लिहा. टायच काढा!

पाऊणस्वर

🤦

काळी पाच

काकांशी सहमत, फक्त वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. हे सगळीकडे करू नका. ४/४ मध्ये दुसऱ्या ठोक्याच्या उत्तरार्धापासून तिसऱ्या ठोक्यात जाणारा सूर असेल तर तिथला टाय बारचा मध्य दाखवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो. तो काढून टिंबवाली नोट लिहिली की वाचणाऱ्याचा ठोका हरवतो. ३/४ मध्ये पूर्ण बार भरणाऱ्या सुराला ती अडचण नाही.

नवशिकी

६/८ मध्येही मध्य दाखवायचा असतो का?

काळी पाच

हो, तिथे तीन-तीन क्वेव्हरचे (क्रॉचेटच्या निम्म्या नोटांचे) दोन गट. पण सहाही क्वेव्हर भरणारा एकच सूर असेल तर टिंबवाली मिनिम सर्रास लिहितात.

लिलीभक्त

प्रतिसाद काढून टाकला आहे. (विनोद केला होता, मलाच आवडला नाही.)

पाऊणस्वर

सगळ्यांचे आभार. आजची स्थिती: ९ रुंद करून सुटला, १४ बाहेरून, १७ ते २० व्हॉइसची अदलाबदल, २६, ६ आणि ११ खरे टाय झाले, ३१ मधला टायच गेला. हाताने ओढलेला टाय आख्ख्या चार पानांत एकच उरला, बार ३७ मध्ये. त्याचा माथा रेघेला चिकटत होता, म्हणून खिळेजुळारी काकांना स्मरून पाव जागा वर सरकवला.

२२ साठी ओळ २३ नंतर तोडली. ई फ्लॅट आता ओळीच्या आत सुखात आहे, कंसातला फ्लॅटही गेला. फक्त त्यामुळे पुढची ओळ बार २६ ला संपते, आणि २६ मधला सूर २७ मध्ये जातो. म्हणजे आता तो खरा टाय झालाय आणि ओळीच्या टोकावर लोंबकळतोय.

खिळेजुळारी

२५ नंतर तोडून बघा.

पाऊणस्वर

बघितलं. मग २९ लोंबकळतो.

पानउलट्या

२९ राहू द्या. मी वाजवीन.